आधीच्याची मूठ

गिरणीत माणसं रांग लावत नाहीत, डबे लावतात. माणूस डबा ठेवून निघून जातो, बाजार करतो, चहा पितो, जमलं तर एखादं भांडण उरकतो. डबा मात्र त्याच्या जागी इमानदारीत उभा असतो. डब्याला मध्ये घुसता येत नाही, दुसऱ्या डब्याची जात विचारता येत नाही आणि राजकारणावर बोलता येत नाही. त्यामुळं कर्जतच्या जुन्या बाजारात सगळ्यात सभ्य रांग माझ्या गिरणीत असते, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. पण गिरणीवाल्याला छातीठोकपणे सांगण्यासारखं आयुष्यात फार नसतं, म्हणून सांगून ठेवलं.

आमची चिंचेची आळी. आळीत चिंच नाही. ती माझ्या आजोबांच्या वेळी पडली आणि तिचं लाकूड कुणी नेलं यावरून दोन घरांत अजून बोलणं नाही. आळी म्हणजे स्टेशनकडून येणारा रस्ता आणि नदीकडं जाणारा रस्ता यांच्यामध्ये अडकलेला एक बोळ. एका तोंडाला विठ्ठलाचं देऊळ, मध्ये मशिदीची मागची भिंत, दुसऱ्या तोंडाला बुद्धविहार. काकडा, अजान, वंदना आणि माझी गिरणी. चौघांत आवाज माझाच मोठा. त्यामुळं आळीत कुणी कुणाच्या आवाजाची तक्रार केली नाही; सगळ्यांनी मिळून माझी केली. नगरपरिषदेचा साहेब बघायला आला तेव्हा देवळाचा पुजारी, मशिदीचे चाचा आणि विहाराचे मास्तर एकाच बाकावर बसून माझ्याविरुद्ध बोलत होते. असली एकी मी घडवून आणली, पण माझं कुठं नाव नाही.

मी आगरी. समोर हमीदाभाभी. त्यांच्या घराण्याचं भाताचं शेत नदीपलीकडं आहे, आणि त्यांची जीभ भात कापायच्या विळ्यासारखी आहे. माझ्या गिरणीला लागून सुमतीकाकूंचं घर, पुढं पडवी, पडवीला तीन पायऱ्या. वरच्या चाळीत केरळची एक नर्स, कोपऱ्यावर मारवाडी कापडवाला, मागच्या खोल्यांत कुंभिवलीच्या हायवेवरच्या कारखान्यांत जाणारी उत्तर प्रदेशची माणसं. शनिवारी कोंडाण्याच्या डोंगरातून हिराबाई ठाकरीण नाचणी आणि वरी घेऊन उतरते. सगळ्यांची भाषा वेगळी, पण गिरणीत शिरलं की सगळे एकच भाषा बोलतात: "माझं जालं का?"

घरात काय चाललंय हे मला डब्यावरून कळायचं. डबा दुप्पट भरून आला की पाहुणे आलेत. पुन्हा लवकर आला की पाहुणे गेलेले नाहीत. डबा एकाएकी अर्धा झाला की मुलगा वेगळा निघाला. पण हे सगळं पोटातच ठेवावं लागतं, कारण गिरणीत गुपित सांगता येत नाही. पट्टा फिरत असताना प्रत्येक वाक्य ओरडून बोलावं लागतं. शिवाय एवढ्या वर्षांत माझा एक कान गेलाय आणि दुसरा निघायच्या तयारीत आहे. म्हणून माझ्याशी काहीही खासगी बोललं की ते आधी आळीला कळतं आणि मग मला.

आता धंद्यातली गोष्ट, बाहेरच्यांसाठी. चक्की म्हणजे दोन गोल दगड. वरच्या पत्र्याच्या टोपात धान्य ओतायचं. ते दगडांच्या मध्ये जातं, पीठ होऊन कडेनं बाहेर पडतं आणि कापडाच्या बाहीतून डब्यात. एवढंच. पण दगडांच्या खाचांत, पत्र्याच्या घेरात आणि बाहीच्या घड्यांत मूठ-दोन मुठी पीठ मागं राहतंच. ते पुढच्याच्या डब्यात जातं. पुढच्याची मूठ त्याच्या पुढच्याकडं. म्हणजे आळीतला प्रत्येक जण आधीच्याचं थोडं खातो आणि आपलं थोडं मागं ठेवतो.

हे शास्त्र मी पहिल्याच वर्षी शिकलो. एका बाईंची शिकेकाई दळली आणि लगेच मारवाड्याची चणाडाळ टाकली. संध्याकाळी त्यांच्याकडं भजी झाली. भज्यांना फेस आला. मारवाडी स्वतः कढई घेऊन दुकानात आला आणि माझ्यापुढं धरली. मीही त्यात बघितलं. दोघं बराच वेळ कढईत बघत होतो. शेवटी तो म्हणाला, "बाळाराम, तेल तरी साफ निघेल."

तेव्हापासून कुणाच्या मागं कुणाचा डबा लावायचा हे मी विचार करून ठरवू लागलो. तांदळामागं तांदूळ, बाजरीमागं ज्वारी, डाळ शेवटी. तरी मूठ ही जायचीच. हमीदाभाभीची मूठ पुजाऱ्याच्या डब्यात, पुजाऱ्याची मास्तरांच्या, मास्तरांची नर्सबाईंच्या. आळीत सगळ्यांना ठाऊक, पण बोलायचं कुणी नाही. सणावाराला फक्त म्हणायचे, "बाळाराम, जरा बघून हां." मी बघायचो. बघितल्यानं पीठ कमी होत नाही, पण माणसाला बरं वाटतं.

अपवाद एक, सुमतीकाकू. त्या काशीला जाऊन आल्या होत्या. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू सोडायची असते. माणसं हुशारीनं सोडतात. माझ्या मेहुण्यानं ड्रॅगनफ्रूट सोडलं. काकूंनी गहू सोडला. पोळी म्हणजे त्यांचा जीव की प्राण, म्हणून तीच सोडली. घरात गव्हाचा दाणा येऊ दिला नाही. रवा नाही, शेवया नाहीत, बिस्किट नाही. सोमवारी सकाळी गिरणी सुरू व्हायच्या आधी त्या डबा घेऊन दारात उभ्या. मला दगड उघडायला लावायच्या, कुंच्यानं झाडायला लावायच्या, बाही उलटी करून झटकायला लावायच्या. मग पहिली ओंजळभर तांदळाची पिठी चिमण्यांना, त्यानंतर त्यांचं दळण. एवढं करून वर, "बाळाराम, तो कोपरा राहिला." मी त्यांना मनातल्या मनात 'आरोग्य खातं' म्हणायचो. मनातल्या मनात, कारण मोठ्यानं बोलायला आधी पट्टा चालू करावा लागला असता.

मध्येच एक विचित्र गिऱ्हाईक सांगतो, त्याचं पुढं काम आहे. पळसदरीच्या धरणाकडं मुंबईच्या एका साहेबांनी फार्महाऊस बांधलं. ते एकदा गाडीतून बदाम घेऊन आले. दळायला. मी आयुष्यात बदाम एवढे एकत्र बघितले नव्हते. त्यांनी विचारलं, "तुमच्या मशीनमध्ये ग्लुटेन आहे का?"

आपल्या दुकानात एखादी वस्तू नाही म्हणायला मला आवडत नाही. मी म्हणालो, "सध्या नाय. सोमवारपर्यंत येईल."

साहेबांनी माझ्याकडं नीट बघितलं, बदाम उचलले आणि गेले. पुढं त्यांनी स्वतःची घरघंटी घेतली, ती कपाटाएवढी घरगुती चक्की असते ती. दोनदा बदाम दळले, तिसऱ्यांदा कंटाळले आणि रखवालदाराच्या हाती ती माझ्याकडं पाठवून दिली, की तुम्हाला उपयोग होईल. मी ती पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. गिरणीवाल्याच्या घरात घरघंटी सापडणं म्हणजे खानावळवाला दुसरीकडं जेवताना सापडण्यासारखं. कुणाला कळलं नव्हतं, असं मला वाटत होतं.

आता पिंकी.

मागच्या खोल्यांत सुनीता राहते, तिची ही मुलगी. बाप कारखान्यात शिफ्टला. सुनीता गोरखपूरकडची, मराठी बेतास बात. पिंकी मात्र नगरपरिषदेच्या शाळेत शिकून आमच्यापेक्षा आमच्यासारखी बोलते. आई डबा घेऊन यायची आणि ही दुभाषी म्हणून बरोबर. "काका, मम्मी बोलते बारीक दळा. मी बोलते जाडं दळा, पण माझं कोन आयकतंय?" पोरगी तोंडानं मोठी आणि अंगानं काडी. पोट तेवढं फुगलेलं. वर्गातल्या मुलींच्या खांद्याला लागायची. सारखी आजारी, सारखी शाळा बुडायची. आळीनं आपापल्या परीनं उपाय केले. पुजाऱ्यानं अंगारा दिला, मशिदीच्या चाचांनी पाणी फुंकून दिलं, नर्सबाईंनी जंताच्या गोळ्या दिल्या, मी सल्ला दिला. गुण कशाचाच आला नाही.

शेवटी पनवेलच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, हिला गहू चालत नाही. आतड्याला सोसत नाही. कणभरसुद्धा नाही, आणि हे जन्माचं. ईदच्या थोडं आधीची गोष्ट. सुनीता गिरणीच्या पायरीवर बसून रडली. "रोटी नहीं खाएगी तो खाएगी क्या?"

हमीदाभाभी दारातून बघत होत्या. त्या आल्या आणि सुनीताला दंडाला धरून उठवलं. "रडतेस काय गं? आमी काय मेलो का रोटीबिगर? चल, तांदळाची भाकरी शिकवते. हात पोळतील, तयारी ठेव."

सुनीता शिकली. पहिल्या भाकऱ्या भारताच्या नकाशासारख्या झाल्या, पुढं गोल झाल्या. हिराबाईनं नाचणी आणून दिली. आळीनं पथ्य पाळायचं ठरवलं तेव्हा लक्षात आलं की आळीत गहू किती आहे. देवळाचा शिरा बंद. ईदच्या शेवया बंद. हमीदाभाभींनी पिंकीसाठी वेगळी तांदळाची खीर केली. बुद्धपौर्णिमेची खीर मुळातच तांदळाची, ती चालली. मास्तर त्या दिवशी जरा छाती काढून चालत होते.

एवढं करून पोरगी सुधारेना. थोडं बरं वाटायचं, पुन्हा पोट बिघडायचं. मग आळीत संशय सुरू झाला. हमीदाभाभींना वाटलं सुनीता माया येऊन चोरून रोटी देते. सुनीताला वाटलं शेजारी लाडानं बिस्किटं देतात. मारवाड्याला वाटलं शाळेत देतात. बोलाचाली झाल्या. ज्या दोघी एका तव्यावर भाकरी करत होत्या त्या एकमेकींच्या दारावरून तोंड फिरवून जाऊ लागल्या.

अशा वेळी आळीला एका जाणत्या माणसाची गरज असते. ते काम मी स्वतःहून घेतलं. पायरीवर बसून तपास सुरू केला. चहावाल्याला दम दिला, की खारी दाखवलीस तर बघ. नर्सबाईंना केकबद्दल विचारलं. एकदा पिंकीचं दप्तर उघडून बघितलं. त्यात पुस्तकं, एक कैरी आणि भोवरा. पिंकी कमरेवर हात ठेवून उभी. "काका, तुमी पोलीस हाय का?"

"तुज्या भल्यासाटी करतोय गं."

"मग मीट पन बगा. कैरीला लागतं."

सुनीतानं मला एकदा विचारलंही होतं, "चाचाजी, आपके यहाँ कुछ मिक्स तो नहीं होता?" मी तिला माझं ठेवणीतलं वाक्य ऐकवलं, "आपल्या गिरणीत मिसळ नाय." गेली कित्येक वर्षं हे वाक्य मी गिऱ्हाइकांना सांगतोय. अर्थ एवढाच, की मी गव्हात मका घालत नाही. सुनीता नवखी. तिनं विश्वास ठेवला.

श्रावणातल्या एका सोमवारी काकूंचं दळण नेहमीसारखं आधी झालं होतं. त्या डबा भरून पायरीवर उभ्या होत्या. मागं मारवाड्याला घाई होती म्हणून त्याचा गहू दळला, त्यामागं सुनीताचा तांदूळ लावला. सुनीतानं सहज काकूंना विचारलं, "काकीजी, आपका हर सोमवार पहले नंबर क्यों?"

पट्टा फिरत होता. त्यामुळं काकूंनी ओरडून सांगितलं, आणि त्यांचा आवाज कीर्तनातला आहे. "अगं, मी गहू सोडलाय ना! बाळारामची चक्की आधीच्याचं पीठ पुढच्याच्या डब्यात घालते! म्हणून माझं आधी! सगळ्या गावाला माहीत आहे!"

सगळ्या गावाला माहीत होतं. फक्त कुणी जोडून बघितलं नव्हतं.

सुनीता वळली. तिचा डबा बाहीखाली भरत होता. तिनं डबा ओढला आणि हातानं पीठ बाजूला करून आत बघितलं. पांढऱ्या तांदळाच्या पिठाला तळाशी पिवळसर थर लागलेला. तिनं तो बोटानं मला दाखवला. "चाचाजी, ये गेहूँ है?"

मी तोंड उघडलं आणि नेहमीचं वाक्य बाहेर यायला लागलं. "आपल्या गिरणीत..." तिथंच थांबलो. पट्टा बंद केला. गिरणी एकाएकी गप्प झाली की आळीला वाटतं वीज गेली. लोक दारात आले. मी दप्तर तपासणारा माणूस. हमीदाभाभी समोरून आल्या, डब्यात बघितलं, मग माझ्याकडं. त्या मला काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सुनीताचा हात धरला आणि म्हणाल्या, "माफ कर गं. मी तुलाच चोर समजत व्हते." आणि दोघी गेल्या. पळसदरीच्या साहेबांनी विचारलेलं ते ग्लुटेन, म्हणजे गव्हातलाच चिकटपणा, माझ्याकडं भरपूर होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या दुपारी मी ठरवलं, चक्की धुऊन काढायची. कुंचा पुरत नाही ना, मग पाणी. नळी लावली आणि दगडांवर धार सोडली. पीठ आणि पाणी एकत्र आलं की काय होतं हे पृथ्वीवरच्या प्रत्येक बाईला माहीत आहे. मला चक्कीच्या आत माहीत झालं. कणीक तयार झाली. चांगली मळलेली, मऊ. खाचाखाचांत बसली आणि संध्याकाळपर्यंत सिमेंट झाली. दगड उतरवून छिन्नीनं टाकी लावून घेईपर्यंत गिरणी बंद. सगळी आळी डबे घेऊन पलीकडच्या बाजारात जाऊ लागली आणि जाताना माझ्या दारात मुद्दाम थांबू लागली. "बाळाराम, पोळ्या कदी लाटतोस?"

दगड बसला तेव्हा मी सुनीताला म्हणालो, आता काकूंच्या पाठोपाठ तुझं दळण. ती डॉक्टरांना विचारून आली. डॉक्टर म्हणाले, चालणार नाही. चक्की वेगळी हवी, आणि त्या खोलीतही नको, तिथं हवेतच गहू आहे. खरंच होतं. माझ्या भुवयांवर सुद्धा गहू असतो.

आणि पिंकीच्या बापानं सांगून टाकलं, की पुढच्या तपासणीत वजन वाढलेलं नसेल तर दोघींना गावी ठेवतो. इथं शिफ्ट सांभाळून हे झेपत नाही. दिवाळीनंतरच्या छठच्या सणाला जायची तिकिटं त्यानं काढलीही होती. यायची काढली नव्हती. गावी घरात तीस माणसं आणि तिन्हीत्रिकाळ रोटी. तिथं या पोरीचं पथ्य कोण बघणार, हे तो बोलत नव्हता आणि सुनीताला कळत होतं.

हमीदाभाभींनी मला रस्त्यात गाठलं. "ती बदामवाली काड ना माळ्यावरची."

"कोनती?"

"पोत्यातली. साऱ्या आळीला म्हाईत हाय. ती चढवताना तू शिडीवरनं पडलास, तवा बगाया कोन आलं व्हतं?"

मी पडलो होतो हे खरं. मला वाटलं होतं लोक माझ्या काळजीनं आलेत.

मशीन उतरवलं. त्यात गव्हाचा कण कधी गेलेला नव्हता. प्रश्न हा की ठेवायचं कुठं. सुनीताची खोली एकच, तिच्यात दोन दीर, त्यांच्या रोट्या. हमीदाभाभींकडं दोन सुना आणि पीठ मळायची परात दिवसभर बाहेर. माझ्याकडं तर बोलायलाच नको. आळीत बिनगव्हाचं घर एकच होतं. आणि त्या घराच्या तीन पायऱ्या चढून काकूंचे यजमान, काका, वारल्यापासून फारसं कुणी वर गेलं नव्हतं. दूधवालासुद्धा दुसऱ्या पायरीवर पिशवी ठेवायचा.

मी भाषण तयार केलं. पुण्य, काशी, गंगा असं सगळं त्यात होतं. आंघोळ करून, भुवया पुसून दुसऱ्या पायरीवर उभा राहिलो. "काकू, आपल्या पवित्र पडवीत..."

"काय हवंय ते सांग, बाळाराम."

मी सांगितलं. काकू पडवीकडं बघत राहिल्या. तिथं काकांची आरामखुर्ची होती, तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या सुपात होत्या. मशीन आलं की आवाज येणार, माणसं येणार, कोण कुठली येणार. त्यांच्या चेहऱ्यावर 'नाही' येताना मला दिसत होतं.

"पोरीला किती दिवस सोडायचाय गहू?" त्यांनी विचारलं.

"जल्मभर म्हनतात."

काकूंनी सुपातल्या मंजिऱ्या हातानं सारख्या केल्या. "मी सोडला तो माझ्या मर्जीनं. तिला कुणी विचारलंय का?"

मी भाषण तिथंच गुंडाळलं.

"खुर्ची आत सरकव," त्या म्हणाल्या. "आणि मशीन तू उचलू नकोस. तुझ्या अंगाला पीठ आहे."

मशीन बसलं आणि काकूंचं राज्य सुरू झालं. फक्त तांदूळ, नाचणी, वरी, ज्वारी. पायरीखाली बादली आणि साबण. गव्हाचे हात वर यायचे नाहीत. पहिल्या दिवशी सुनीताला यंत्र दाखवायला हमीदाभाभी पायरी चढल्या. समोरासमोर राहून आयुष्य गेलं, पण त्या तिथं पहिल्यांदाच चढत होत्या. काकूंनी मशिनीवरनं मान वर केली. "हात धुतलेस?"

हमीदाभाभी थांबल्या. "काकू, मी दिवसातनं पाच येळा धुते. तुमी?"

काकू जरा विचारात पडल्या. मग सरकून त्यांनी पाटावर जागा केली. "बस. आणि मला ती भाकरी थापायची दाखव. माझी मधे फुटते."

नंतर पुजारी आला, प्रसादाचा शिरा ढवळून. त्याला काकूंनी पायरीवरच थांबवलं. तो म्हणाला, "अहो, मी पुजारी!" काकू म्हणाल्या, "तू रवा आहेस. खाली उभा राहा." आमच्या आळीत आता सोवळं फक्त गव्हाचं पाळलं जातं. हिराबाई डोंगरातून उतरली की नाचणी सरळ पडवीत ठेवते, खांबाला टेकून चहा घेते आणि मला रस्त्यातून जाताना सांगते, "लांबनं जा रं बाळाराम, लागशील." माझी नाचणी-तांदळाची सगळी गिऱ्हाइकं पडवीत गेली. तक्रार कुठं करावी ते सुचत नाही, कारण मशीन माझंच आहे.

पिंकीचं पोट हळूहळू उतरलं. शाळा बुडेनाशी झाली. पण वजन वाढलंय का, हे बघून सांगता येत नाही. रोज बघणाऱ्याला तर मुळीच नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी, दिवाळीची भाजणी जोरात चालू असताना, बाप शिफ्टवरून तसाच गिरणीत आला. मागं सुनीता, पिंकी, आणि त्यांच्या मागं जवळजवळ सगळी आळी. माझ्याकडं धान्याचा विजेवरचा काटा आहे. त्याला पिंकीला त्यावर उभं करायचं होतं. उद्या पनवेलला जाऊन कळण्यापेक्षा आज इथं कळलेलं बरं. मी पट्टा बंद केला. काकूंनी ओल्या फडक्यानं काटा पुसून घेतला, मग माझ्याकडं बघून पुन्हा पुसला.

गिरणीवाल्याबद्दल गावात एकच समजूत असते, की हा काटा मारतो. मी मारत नाही, पण आजवर कुणाला पटवता आलेलं नाही. त्या दिवशी आळीचं मत एकदम बदललं. मारवाडी माझ्या चांगल्या कानाशी येऊन म्हणाला, "बाळाराम, थोडा हात लावून ठेव." हमीदाभाभी म्हणाल्या, "चपला राहू दे की पायात." मास्तरांनी दप्तर पाठीवर असावं असं सुचवलं, कारण ते विद्यार्थ्याचंच अंग असतं. पुजारी तर मागून काट्यावर पाऊल टेकवायच्या बेतात होता.

"कोन हात लावायचा नाय," मी म्हणालो. एवढ्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच सगळ्यांनी ऐकलं. पिंकीनं चपला काढल्या, दप्तर आईकडं दिलं आणि काट्यावर चढली. "काका, डब्याचं वजन वजा करू नका हां," ती म्हणाली.

काट्याचे आकडे आधी नुसते लुकलुकतात. मग वर जातात, खाली येतात, पुन्हा वर. दळणाच्या वेळी मी त्यांच्याकडं बघतही नाही. त्या दिवशी बघत होतो. सुनीता भिंतीकडं तोंड करून उभी. बाप आकड्यांकडं बघत होता आणि त्याचे ओठ मागचा आकडा पुटपुटत होते. तो आकडा आळीत सगळ्यांना पाठ होता.

आकडे थांबले. मागच्यापेक्षा जास्त होते. थोडेथोडके नाही, चांगले जास्त.

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. हमीदाभाभींनी मोठ्यानं आकडा वाचला, मग नर्सबाईंनी वाचला, मग मास्तरांनी. बापानं खिशातून फोन काढला आणि मारवाड्याला विचारलं, "सेठ, छठ के बाद लौटने का टिकट अभी मिलेगा?"

"अभी? वेटिंग मिलेगा."

"चलेगा," तो म्हणाला. "तीनों का."

सुनीता भिंतीकडंच बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. पिंकी अजून काट्यावरच उभी. "उतरू का?" तिनं विचारलं.

"थांब गं," काकू म्हणाल्या, आणि घराकडं वळल्या. "मी चष्मा आणते. यांच्या वाचण्यावर माझा विश्वास नाही."